आशेचा पक्ष

जगाच्या स्थितीविषयी चार माणसांत बोलणे निघाले, की सुशिक्षिताने खिन्न व्हावे, असा एक संकेत अलीकडे रूढ झाला आहे. जो जितका निराश तो तितका विचारी, आणि ज्याच्या मुखावर थोडी प्रसन्नता दिसेल त्याला एकतर वर्तमानाची खबर नाही किंवा परदुःखाची चाड नाही, असे सहज गृहीत धरले जाते. दादरा-नगर हवेलीतल्या खेरडीसारख्या आदिवासी वस्तीच्या गावात राहताना मी या संकेताचा पुष्कळ विचार केला, आणि अखेरीस आशेचाच पक्ष घ्यावयाचा असा निश्चय केला. ज्या अर्थी हा निश्चय समजून-उमजून केलेला आहे, त्या अर्थी त्याची कारणे देणे मला कर्तव्य वाटते.

निराशेच्या बाजूने जो पुरावा हजर केला जातो, तो खोटा नाही. युद्धे थांबलेली नाहीत, ऋतूंची घडी विसकटत चालली आहे, आणि दुःख पाहण्यासाठी दूरदेशी नजर लावण्याचेही कारण नाही. सिलवासाच्या परिसरात कारखान्यांची दाटी झाली, तिच्याबरोबर रोजगार आला, आणि त्याच वाटेने ठेकेदाराच्या हाताखालची बिनभरवशाची मजुरी, ओहोळांत मिसळणारे सांडपाणी आणि वडिलोपार्जित जमीन हातची जाण्याचे भयही आले. दमणगंगेवरील मधुबन धरणाने दूरदूरच्या शेतांना पाणी दिले. परंतु त्याच्या जलाशयाखाली ज्यांची घरे-शिवारे गेली, त्यांत येथील आदिवासीही होते. यांपैकी काहीही नाकारून जी आशा उभी राहते, तिला मी आशा म्हणणार नाही.

तथापि पुरावाच पाहावयाचा, तर दप्तर पुरते उघडावे. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे तोडून देण्याचे मान्य केले आणि १७८३ मध्ये नगर हवेलीत त्यांचा अंमल बसला; मात्र ज्या रयतेच्या घामातून तो वसूल उभा राहावयाचा होता, तिचे मत कोणी विचारले नाही. १९५४ च्या आरंभी हा अंमल संपेल असे मानण्यास कोणते सबळ कारण होते? लिस्बनमध्ये सालाझारची एकतंत्री सत्ता दृढ होती, पोर्तुगाल नाटो करारातले राष्ट्र होते, आणि हिशेबी माणसाने याहून अधिक काही पाहिले नसते. अशा वेळी राजा वाकणकर, सुधीर फडके, विश्वनाथ नरवणे, नाना काजरेकर यांच्यासारखी माणसे हा अंमल उलथविण्याच्या कामाला लागली, आणि पैशाची निकड भागविण्यासाठी लता मंगेशकरांच्या गायनाचा कार्यक्रम पुण्यात झाला. त्या वर्षीच्या जुलैत युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी दादरा घेतले, पाठोपाठ नरोली सुटली, २ ऑगस्टला सिलवासा मोकळे झाले, आणि खानवेलकडे मागे सरलेल्या पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गोने ११ ऑगस्टला उधवा येथे शरणागती पत्करली.

पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तेव्हा त्या जुन्या सनदा पुन्हा उलगडल्या गेल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने असा अर्थ लावला, की पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मानले गेले असले, तरी मराठ्यांनी मुळात दिला होता तो जहागीर वा सरंजामाच्या धर्तीचा केवळ महसुली हक्क होता. आणि या मुलखात सैन्य व शस्त्रे नेण्याचा पोर्तुगालचा हक्कही न्यायालयाने अमान्य केला. पिढ्यान्‌पिढ्या जी सत्ता डोंगरासारखी अढळ वाटली, तिच्या मुळाशी असलेला कागद इतका बेताचा होता! आज ज्या ज्या व्यवस्थांना आपण अटळ म्हणून शरण जातो, त्यांच्याही सनदा कोणीतरी एकदा नीट वाचून पाहावयास हव्यात, असे मला हा इतिहास वाचताना वाटते.

याहूनही मोठे धैर्य मला नगर हवेलीच्या हद्दीपलीकडच्या वारली आदिवासींचे वाटते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करावयाची नाही असे तेथे ठरले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या घरी वेठ केली होती, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जे नवरा-बायको लग्नगडी म्हणून धन्याकडे गहाण पडले होते, त्यांना उद्याचा दिवस वेगळा असू शकेल असे सांगणारा कोणता आकडा उपलब्ध होता? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड याच्यासह काही वारली प्राणास मुकले. तरीही वेठ मोडली ती मोडलीच. आशेला आधी पुरावा सापडला आणि मग माणसे उठली, असा क्रम येथे घडलेला नाही. माणसे उठली, आणि त्यांच्या उठण्यातून पुढच्यांसाठी पुरावा निर्माण झाला.

तो पुरावा आज आपल्या हाती आहे. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमनाने नगर हवेलीतले अल्वारासारखे पोर्तुगीज अमदानीतले जमीनहक्क मोडीत काढले. १९९१ च्या जनगणनेत येथे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते, ते २०११ मध्ये ७६ टक्क्यांवर गेले. ज्या देवीच्या रोगाने गावेच्या गावे ओस पडत, त्याचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. ही स्थित्यंतरे रोजच्या वार्तेत मावत नाहीत, कारण ती एका दिवसात घडत नाहीत. संकट एका रात्रीत कोसळते आणि सुधारणा पिढीच्या पावलांनी चालते, म्हणून रोजच्या वार्तेवरच मत बनविणाऱ्याला जग आहे त्याहून काळे दिसते.

आशा कशी असावी, हे मी वैशाखातल्या राबाकाठी पाहिले. भाताच्या रोपांची, म्हणजे दाढीची, जागा शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या टहाळ्यांनी झाकून, वर मातीचा पातळ थर देऊन, वाऱ्याच्या उलट अंगाने विस्तव लावतात. आग धावत सुटत नाही, सावकाश धुमसत जाते आणि तणाचे बी जाळून जमिनीला राख देऊन जाते. आकाशात ढगाचा मागमूस नसताना एक वयस्क वारली बाई त्या राखेत भात टाकीत होती. टोपलीतले सारे बी मात्र तिने टाकले नाही. पाऊस लांबलाच तर दुबार टाकता यावे, म्हणून काही भाग राखून ठेवला. संकटाची पुरती जाणीव आणि तरीही पेरणी, या दोन गोष्टी एकाच हाताने करता येतात. पाऊस येईलच अशी ग्वाही तिला कोणी दिली नव्हती. परंतु पेरले नाही तर आलेला पाऊसही वाया जाईल, हे तिला पक्के ठाऊक होते.

निराशेवर माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. ती स्वतःला वास्तवाचे ज्ञान म्हणविते, पण प्रत्यक्षात माणसाला कामातून मोकळीक देते. आणि ही मोकळीक परवडते ती बहुधा ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच. याउलट, संन्याशाचे मूल म्हणून समाजाने ज्यांना वाळीत टाकले, त्या ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ग्रंथाच्या शेवटी दान मागितले, तेव्हा दुष्टांचा संहार मागितला नाही. त्यांचे वाकडेपण जावे आणि प्राणिमात्रांत मैत्री व्हावी, असे मागितले. ज्यांना जगाविषयी तक्रार करण्याचा सर्वाधिक अधिकार होता, त्यांनीच जगाच्या बाजूने शब्द टाकला.

आज येथील मुलगी शाळेत जाते, येथील मजूर वेठीला नकार देऊ शकतो आणि ग्रामसभेत उभे राहून ओहोळाच्या पाण्याविषयी जाब विचारू शकतो, ते अनुकूल काळाची वाट न पाहता पुढे झालेल्या माणसांमुळे. त्यांच्या आशेचे उत्पन्न मी रोज उपभोगतो. मग माझ्या पाळीला हात झटकून निराश होण्याचा हक्क मला कोणत्या सनदेने मिळाला? असा हक्क मला नाही, आणि असता तरी मी तो बजावला नसता. जाब विचारावयाचे राहिले आहेत, जमिनी राखावयाच्या आहेत, मुले शिकवावयाची आहेत. आणि ही कामे होण्यासारखी आहेत असे जो मानतो, तोच ती करावयास घेतो.