ब्लॅक कॅन्यनमधली भिंत आणि पांढरा पट्टा

लास व्हेगस सोडून पाऊण तास झाला होता. दोन्ही बाजूंना गवताचं पातंही नसलेले करपलेले डोंगर आणि एका वळणावर अचानक ती भिंत! नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर कोलोरॅडो नदी अडवून उभं असलेलं हूवर धरण. उंची 221 मीटर. पायथ्याशी जाडी 201 मीटर, माथ्यावर जेमतेम 14. खाली डोकावलं आणि पोटात गोळाच आला.

पण मला खरं थक्क केलं ते भिंतीच्या पोटात दडलेल्या गोष्टीनं. आपल्याकडे घराचा स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी हाताला कोमट लागतो. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं. इथे तर जवळपास 25 लाख घनमीटर काँक्रीट! सलग ओतलं असतं तर ते निवायला सव्वाशे वर्षं लागली असती आणि भिंतीला तडे गेले असते. म्हणून 1933 पासून एकेक ठोकळा ओतत गेले. त्यांतून इंचभर व्यासाचे, एकूण 900 किलोमीटरहून लांब पोलादी पाइप फिरवले; आधी नदीचं, मग बर्फासारखं गार पाणी खेळवलं. काँक्रीट निवल्यावर त्याच पाइपांत सिमेंटचा रस भरला. 1935 च्या मे महिन्यात काँक्रीटचं काम पुरं झालं. ऐन मंदीत पोटासाठी आलेल्या मजुरांनी ते केलं. त्यांतले 96 जण दगावल्याची अधिकृत नोंद आहे. मी कठड्यावर तळहात टेकवला. उन्हानं तो तापला होता, पण माझ्या मनात मात्र आतलं ते गार पाणी वाहत होतं.

भिंतीमागे मीड सरोवर. नौकाविहार, पोहणं, मासेमारी यांसाठी राखलेलं अमेरिकेतलं हे पहिलं राष्ट्रीय क्षेत्र. धक्क्यावर पोरं वाकून पाहत होती, पाण्यात गलेलठ्ठ कार्प मासे तोंडं उघडून एकमेकांवर चढत होते.

मान वर केली आणि थबकलो. भोवतीच्या कड्यांवर पंधरा मजली इमारतीएवढा पांढराशुभ्र पट्टा! पाणी कधीकाळी तिथवर होतं. रॉकी पर्वतातून येणारं पाणी आटत गेलं, मागणी मात्र तेवढीच राहिली. 1938 मध्ये बुडालेलं सेंट थॉमस गाव या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उघडं पडलं.

काठावरचा एक खडक नखानं खरवडला. बोटाला चुन्याची भुकटी लागली. सव्वाशे वर्षांचा ताप माणसानं दोन वर्षांत उतरवला. पण हे पाणी परत वर चढायला दूरच्या डोंगरांत बर्फच पडावं लागेल. बोट तसंच न पुसता मी कितीतरी वेळ उभा होतो.