मुंबई–तेल अवीव : दोऱ्याचं माप

पृथ्वीच्या गोलावर मुंबईला एक टाचणी टोचली, तेल अवीवला दुसरी, आणि मध्ये शिवणाचा दोरा ताणला. साधारण ४,०५० किलोमीटर. वाटलं होतं, दोरा अरबस्तानाच्या मधोमध जाईल. तो वर सरकला. इराणचा दक्षिण किनारा, कुवैतचा परिसर, इराकचा खालचा भाग, सौदीचा उत्तरेचा पट्टा, मग जॉर्डन. जॉर्डन आणि २०२२ नंतरचं सौदी सोडलं, तर इस्रायली विमानाला मज्जाव करणाऱ्यांची यादीच झाली ही.

*

शेजारच्या काकू अलिबागकडच्या बेने इस्रायल ज्यू. लेक इस्रायलमध्ये लोदला असते. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या फेरीची गोष्ट त्या अजून सांगतात. "पडद्यावरचं विमान आपलं खाली खालीच चाललेलं. मी ह्यांना म्हटलं, आफ्रिकेत नेतात की काय आपल्याला?"

काकूंचं फार चुकलं नव्हतं. मुंबईहून निघायचं, अरबी समुद्रावरून येमेनला वळसा घालायचा, आणि तांबड्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीवरून उत्तरेला चढत इस्रायलचं एलात गाठायचं. एडनजवळ तिसरी टाचणी टोचून दोरा पुन्हा लावला. ५,४०० भरला, आणि हे कमीत कमी. सरळ वाटेनं साडेपाच-सहा तासांचं काम, त्याला आठेक तास.

*

२२ मार्च २०१८. एअर इंडियाचं दिल्ली–तेल अवीव विमान सौदीवरून गेलं. सत्तर वर्षांची बंदी तिथे उठली, पण ती एअर इंडियापुरती. इस्रायलच्या एल अल कंपनीला तोच तांबडा समुद्र. मग 'या दोन शहरांत अंतर किती?' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? आधी विचारायचं, विमान कुणाचं?

*

जुलै २०२२ मध्ये सौदीनं सगळ्यांना आकाश मोकळं केलं. तरी भारताकडे येणाऱ्या इस्रायली विमानाला उपयोग नाही, कारण पुढे ओमान. ओटीवर या म्हणतात आणि फाटकाला कुलूप! ते फेब्रुवारी २०२३ मध्ये निघालं. ऑक्टोबरात युद्ध पेटलं आणि वेळापत्रकंच कोलमडली.

*

घड्याळाचा घोळ वेगळाच. हिवाळ्यात इस्रायल आपल्यामागे साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर जातानाचा प्रवास भलताच लहान दिसतो नि येतानाचा भलताच लांब. खरं तर उलटं. हिवाळ्यात वरचा पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर असतो, येताना पाठीशी.

*

अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचा रथ तिथून आकाशात गेला, त्या चाकांच्या खुणा, असं बेने इस्रायल मानतात. नवस फेडायला लोक तिथे जातात, मलिदा करतात : गोड पोहे, खवलेला नारळ, वर फळं. त्या रथाला कुणाच्या परवानगीची गरज पडली नसावी.

*

काकूंना हा सगळा दोऱ्याचा हिशोब वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "विमानात काय, बसून राहायचं. जेवण आणून देतात. तू वडखळ नाक्याचं लिहिलंच नाहीस. तिथे अडीच तास गाडी हलली नव्हती."