पुसलेली आकृति

“सर, टेलिव्हिजनचा शोध कोणीं लावला?” तलवाड्याच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें. “बेअर्ड यांनीं,” असें सांगून आम्ही मोकळे झालों. बेअर्ड यांनीं 26 जानेवारी 1926 रोजीं लंडनमध्यें फिरत्या चकतीनें चित्रें दाखविलीं, हें खरें. पण तशी चकती निप्को या जर्मन गृहस्थानें 1884 सालींच योजिली होती! शिवाय ज्या विद्युत्-पद्धतीनें पुढें घरोघर चित्रें पोंचलीं, तिच्यावरून अमेरिकेंत निराळाच तंटा माजला.

तेथें फार्न्सवर्थ नांवाच्या शेतकऱ्याच्या मुलानें 1922 सालीं, वयाच्या 15 व्या वर्षीं, आपली कल्पना शाळेच्या फळ्यावर काढून दाखविली होती. आपल्या काळ्या रानांत नांगराचीं तासें पडतात, तसें चित्र ओळीओळीनें विजेवाटे धाडावयाचें! पुढें झ्वोरिकिन यांच्या 1923 च्या अर्जाशीं पेटंटाचा वाद जुंपला, तेव्हां त्याचे शिक्षक जस्टिन टोलमन यांनीं ती आकृति स्मरणानें काढून दिली. शेवटीं निकाल फार्न्सवर्थच्या बाजूनें लागला. तो त्या साक्षीवर लागला नाहीं. तरी आम्हांस साक्षच मोठी वाटते.

कारण गेल्या वर्षीं याच आमच्या विद्यार्थ्यानें पाणी चढविण्याच्या कसल्याशा यंत्राची आकृति फळ्यावर काढली होती. घंटा झाली, म्हणून आम्हीं ती पुसून टाकली. ती कशी होती, हें आतां आठवत नाहीं.