पोळ्याचा ळ

मी बटण दाबलं आणि मशीन थांबलं. एवढंच झालं. पण सुई कुठे थांबली ते बघा! अधांतरी नाही, अर्धवट नाही, थेट कापडात रुतून, अगदी कोपऱ्यावर! मी कापड दाबणारं फूट उचललं, कापड काटकोनात फिरवलं, फूट खाली टाकलं, पुन्हा बटण दाबलं. पिशवीचा कोपरा असा उमटला की पोस्टकार्डाचा वाटावा. मी डोळे विस्फारून सूनबाईकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, “मामी, ते नेहमीच तसं थांबतं.”

नेहमीच!

हे घडलं सौंसरला. शनिवार होता. जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन परतताना आम्ही नणंदेकडे जेवायला थांबलो होतो. तिची सून मुलांचे कपडे हौसेने शिवते. खिडकीजवळच्या टेबलावर तिचं पांढरं, छोटंसं मशीन होतं. त्याला एक छोट्या पाटीएवढी काच, तिच्यात हिरवे आकडे. मी आधी त्याला मिक्सरचा नवा प्रकार समजले होते, हे इथे कबूल करून टाकते.

घरी माझं काळं मशीन आहे, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाचं, लग्नात आईने दिलेलं. बत्तीस वर्षं मी त्यावर पिशव्या, उशांचे अभ्रे, पोरांच्या चड्ड्या, जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवत आले. प्रत्येक कोपऱ्यावर पाय आवरायचा, उजवा हात चाकावर न्यायचा, अंदाजाने सुई खाली उतरवायची. याचा मला कधी त्रास वाटला नव्हता. भाकरी उलटताना बोटं भाजतातच, तसं ते. आणि इथे हे यंत्र ते काम स्वतःहून करत होतं, न सांगता!

मग जेवण बाजूलाच राहिलं. या मशीनला पायाची पट्टी लावता येते, पण लावलीच पाहिजे असं नाही. बटणावर सुरू, बटणावर बंद, आणि वेगासाठी एक सरकती खुंटी. खुंटी कासवाकडे सरकवली तर मशीन एकेक टाका घालतं, पण दम सोडत नाही. आमचं काळं मशीन हळू चालवायला गेलं की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. मी हळूहळू टीप मारत होते आणि नणंदबाई हसायला लागल्या. टेबलाखाली माझा पाय आपला चालूच होता! “अवो वहिनी, पायाले सुट्टी द्या नं आता!”

आणि काज! काज करण्यासाठी मी आजवर शिंप्याकडे शर्ट पाठवत होते. इथे सूनबाईने एका लांबट फुटाच्या मागच्या खाचेत चक्क शर्टाचं बटण बसवलं, एक दांडी खाली ओढली आणि बटण दाबलं. मशीन पुढे गेलं, आडवं झालं, मागे आलं, पुन्हा आडवं झालं आणि थांबलं. त्या बटणाच्या मापाचं काज तयार! मी म्हटलं, पुन्हा कर. तिने पाच काजं केली. पाचही जुळ्या बहिणी.

त्या रात्री घरी, पांढुर्ण्यात परतल्यावर मला झोप आली नाही. मोबाइल घेऊन बसले आणि वाचतच गेले. कळलं ते असं की झिगझॅगच्या साध्या मशीनमध्ये सुईला डावी-उजवीकडे हलवायला उंचसखल कडेच्या चकत्या असतात. चकतीची कड जशी, तशी नक्षी. म्हणून नक्ष्या मोजक्याच. संगणकीय मशीनमध्ये चकत्यांच्या जागी छोट्या मोटारी असतात. त्या इंचाच्या बारीक बारीक अंशाने पावलं टाकतात, आणि कोणत्या टाक्याला किती पावलं हे आतल्या चिपमध्ये लिहून ठेवलेलं असतं. म्हणजे नक्षी ही आता वस्तू राहिलीच नाही, ती नुसती यादी झाली! म्हणूनच एवढ्याशा पेटीत शंभर नक्ष्या मावतात.

आयझॅक सिंगरने आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं १८५१ साली. यंत्रांच्या वेडाविरुद्ध बोलणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मोकळं सोडलं, हे वाचून मला आपलीच बाजू घेतल्यासारखं वाटलं. आपल्याकडे लाला श्रीराम यांच्या जय इंजिनिअरिंग कंपनीने १९३० च्या दशकात देशी मशीन काढलं आणि त्याला मुलीचं नाव दिलं, उषा. घराघरातली ती उषा कुणाची तरी लेक होती, हे मला आजवर माहीतच नव्हतं! मग १९७५ मध्ये सिंगरचं अथेना २००० हे इलेक्ट्रॉनिक मशीन आलं. १९७९ मध्ये जपानच्या जॅनोम कंपनीने प्रोग्रॅम करता येणारं घरगुती मशीन आणलं. मी शाळेत हाताने टाके शिकत होते तेव्हा जगात हे सगळं होऊन गेलेलं. सौंसरपर्यंत यायला त्याला वेळ लागला आणि माझ्यापर्यंत यायला तर त्याहून जास्त.

घरात विषय काढला. यजमान म्हणाले, “येवढे पैसे घालून पिशव्याच शिवशील नं?” मी म्हटलं, हो, पिशव्याच. पण कोपरे बघाल! मृग बहराच्या संत्र्यांचे तीस हजार त्यांनी माझ्या हातात ठेवले होते. तेवढ्यातच बसवायचं ठरलं.

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारायला गेले. त्याने माझ्या उत्साहावर थंड पाणी ओतलं, आणि ते पाणी खरं होतं. “बाई, तुमचं काळं मशीन नातवंडंही चालवतील. याचा बोर्ड गेला तं माह्या हातचं काम नाही.” म्हणून मी वहीत पहिली ओळ लिहिली: मशीनची कंपनी नंतर, आधी दुरुस्तीला माणूस कुठून येतो ते. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचा जिल्हा झाला खरा, पण मशीनचा डॉक्टर अजून नागपूरचाच.

मग नागपूर. सकाळच्या गाडीने निघाले. पिशवीत मशीन विकत घ्यायला निघालेल्या बाईकडे असावेत ते पाच तुकडे: जुन्या सुती लुगड्याचा, जीनच्या पायाचा, ताणणाऱ्या बनियनचा, वाकळेचा चार पदरी आणि पाचवा सूटिंगचा. सौंसरजवळ बोरगावला रेमंडची मोठी गिरणी आहे, त्यामुळे आमच्याकडे असा एखादा तुकडा कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत निघतोच.

सीताबर्डीतल्या पहिल्या दुकानात मला टाके मोजून दाखवले. हे साठ टाक्यांचं, हे शंभरचं, हे दोनशेचं. जणू साड्यांचे भाव. माझीही नजर दोनशेवर खिळली, खोटं कशाला बोलू! मग मी पिशवीतून जीनचा तुकडा काढला. दुकानदार म्हणाला, आमच्या कापडावर बघा ना. त्याचं कापड कडक खळीचं, त्यावर कोणतंही मशीन देखणं दिसतं. मी हट्टाने माझंच कापड घातलं. जीनच्या जाड शिवणीवर चढताना दोनशेवालं मशीन अडखळलं आणि टाके बारीक झाले. माझं प्रेम तिथल्या तिथे ओसरलं.

दुसऱ्या दुकानातल्या ताईंनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, तुम्हीच शिवा. तासभर शिवलं मी! तिथे कळलेलं सांगते. भरतकामाचं मशीन वेगळं असतं. चौकट लावून मोर-कुयऱ्या आपोआप काढणारं ते, त्याचा भाव पन्नास हजारांच्या वर सांगितला. साधं झिगझॅग दहा-बारा हजारांत होतं. मला हवं ते मधलं, पंचवीसच्या आसपास. आडवी बॉबिन आणि वर पारदर्शक झाकण असेल तर दोरा संपत आला हे दिसतं. वाकळ शिवताना अर्ध्या ओळीत दोरा संपणं म्हणजे काय, ते शिवणारीलाच कळतं. कापड सरकवणारे दाते खाली बसवता यायला हवेत, म्हणजे हाताने कापड फिरवून मनासारखी रेघ काढता येते. सुई चपट्या दांड्याची घरगुती मशीनवाली. लुगड्याला अकरा नंबर, जीनला सोळा. आणि कुणी नातेवाईक अमेरिकेहून मशीन आणतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची आणि आपली दोनशेतीसची!

शंभर टाक्यांचं मशीन मी घेतलं. खरं सांगू? त्यातले सातच वापरते. पण उरलेले त्र्याण्णव आहेत हे माहीत असण्यात मजा आहे. दागिने कपाटात असतात तशी.

आणि नशीब बघा. खोकं घरी पोचलं ते नागपंचमीच्या सकाळी! त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, सुईला हात लावायचा नाही. समोर खोकं, आत मशीन आणि मी पुरणाचे दिंड उकडत बसलेली! दिवसभर मी त्या खोक्याभोवती फिरले. रात्री पुन्हा मोबाइल. आणि काय वाचलं असेल? जॅनोम या जपानी शब्दाचा अर्थच मुळी सापाचा डोळा! जुन्या लांबट धोट्याच्या जागी गोल बॉबिन आली तेव्हा ती सापाच्या डोळ्यासारखी दिसली, म्हणून हे नाव. माझ्या खोक्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, पण गोल बॉबिन माझ्याही मशीनला होती की! नागोबाने आपल्या दिवशी आपला डोळा कोणाला चालवू दिला नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे खोकं फोडलं. दोरा ओवला, बटण दाबलं, आणि कापडाच्या खाली दोऱ्याचं घरटं! चिमणीलाही लाज वाटेल एवढं. पुन्हा ओवलं, पुन्हा घरटं. मला रडू फुटायचं बाकी होतं. सूनबाईला फोन लावला. तिने एकच विचारलं, “मामी, ओवताना फूट वर होतं की खाली?” खाली होतं. फूट खाली असलं की दोऱ्याचा ताण धरणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही. वरून ताण नाही म्हणून खाली गुंता. फूट वर करून ओवलं आणि टीप निघाली ती मोत्यांची माळ! दोष नेहमी खालच्या बॉबिनचा वाटतो, पण तो वरच्या दोऱ्याचा असतो, हे मी आता भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

मग पोळ्यापर्यंतचे पंचवीस दिवस माझे कसे गेले ते विचारू नका. पिशव्या झाल्या, अभ्रे झाले, यजमानांच्या सदऱ्याला काजं झाली (त्यांनी ती पाहुण्यांना दाखवली, मला सांगितलं नाही). आभाळ गडगडलं की आधी प्लग काढायचा, हेही अंगवळणी पडलं. पण मनात एकच काम होतं. पाच वर्षांचा नातू नागपूरला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा जाम नदीवर असतो, इकडे आपलं गाव, तिकडे सावरगाव आणि मध्ये गोटमार, दोन गावांची दगडफेक. नागपूरला त्याच दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात. नातवाच्या वीतभर बैलाला झूल शिवायची होती, आणि तिच्यावर लिहायचं होतं, पोळा.

मशीनमध्ये ए ते झेड आहेत, शून्य ते नऊ आहेत. आपलं एकही अक्षर नाही! मशीन बनवणाऱ्याला काय दोष द्यायचा? दाट झिगझॅगच्या सरळ पट्ट्यांनी शिरोरेखा झाली, काने झाले, मात्रा झाली. प साठी इंग्रजी यू घेतला आणि त्याला दांडी जोडली. अडलं ते ळ पाशी. मशीनची अक्षरं उंचीला सातच मिलिमीटर. एवढ्याशा जागेत हाताने दोन वळसे फिरवणं म्हणजे तीन चिंध्या वाया. चौथी चिंधी हातात घेऊन मी त्या काचेतल्या आकड्यांकडे नुसती बघत बसले होते. पाच, सहा, सात, आठ.

आठ!

कापड काटकोनात फिरवलं. आठ दाबला. कापड पुन्हा सरळ केलं. आठ आडवा, दोन्ही वळसे शेजारीशेजारी! वरून शिरोरेखेपर्यंत छोटीशी दांडी जोडली आणि माझ्या झुलीवर सात मिलिमीटरचा ळ उभा राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन यजमानांना हाताला धरून घेऊन आले. ते चष्मा लावून बघत राहिले. “हे मशीनने लिवलं?” मी म्हटलं, अर्धं मशीनने, अर्धं मी.

तान्ह्या पोळ्याला नातवाचा फोन आला. शाळेत नुकतेच आकडे शिकलेला. झूल आवडली का विचारलं, तर म्हणतो, “आजी, हा आठ झोपलाय का?”

मी म्हटलं, “झोपला नाही रे राजा. जामसावळीच्या मारुतीसारखा पहुडलाय.”