पानगळीचा रोजमेळ

नव्याने घरी आणलेल्या बोन्सायची पाने आठ-दहा दिवसांत पिवळी पडून गळू लागली, की माणसे प्रथम पाणी वाढवतात, मग खत घालतात आणि तरीही गळ थांबली नाही तर कुंडी बदलतात. हे सारे प्रेमापोटी घडते आणि पुष्कळदा झाड दगावते ते या प्रेमानेच.

नौपाड्यात राम मारुती रस्त्यालगत राहणाऱ्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी हेच घडू पाहत होते. गेल्या दिवाळीत दुकानाची गादी मुलाच्या हाती सोपवल्यावर या गृहस्थांना सकाळ खायला उठू लागली. मुलाने त्यांना एक वामनवृक्ष आणून दिला. फुगीर मुळांचे हे झाड बाजारात ‘जिनसेंग फायकस’ या भारदस्त नावाने विकले जाते. औषधी जिनसेंगशी त्याचे काही नाते नाही. हे आपले नांदरूक, वड-पिंपळाचे भावंड. रोपवाटिकेतील मोकळ्या उजेडातून ते वातानुकूलित दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आले आणि पंधरवड्यात फरशीवर पाने पडू लागली. घरातील वृद्ध मातोश्रींनी एवढेच म्हटले, “जीव आणला आहेस. सांभाळता येत नसेल तर ज्याला येतो त्याला दे.”

या पानगळीमागे चोख हिशेब असतो. प्रत्येक पान उजेडात अन्न कमावते आणि स्वतःच्या निर्वाहासाठी त्यातले खर्चही करते. उजेड एकाएकी घटला की आतली, खालची पाने तोट्यात जातात आणि बँक जशी तोट्यातील शाखा बंद करते तसे झाड त्यांना निरोप देते. पाने कमी झाली की पाण्याची गरजही घटते. नेमके त्याच वेळी मालक पाणी वाढवतो. उथळ कुंडीतील माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही पाने मलूल दिसतात. ती पाहून पुन्हा पाणी!

कडा करपून कुरकुरीत झालेले पान मात्र निराळे. तेथे पाण्याची टंचाई, कोरडा वारा किंवा खताचा अतिरेक पाहावा. पाने चिकट लागली, देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. जैन घरात फवारणीचा विचार सहज होत नाही, आणि होऊही नये. भरपूर उजेड, खेळती हवा आणि आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पुसलेली पाने, ही जयणा आधीपासून पाळली तर बहुधा तो प्रसंगच येत नाही.

गृहस्थांनी कुंडी पूर्वेच्या खिडकीत नेली आणि तेथून हलवली नाही. खत थांबवले. बांबूची बारीक काडी मातीत खुपसून ती ओलसर निघाली तर त्या दिवशी पाणी नाही, असा नियम केला. फांदीची साल नखाने किंचित खरवडता आत हिरवे दिसले, तेव्हा मातोश्रींनाही धीर आला. कुंडी बदलण्याचे काम झाड सावरेपर्यंत पुढे ढकलले.

त्यांच्या वाचनात हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा पाइन आला. १६२५ पासून कुंडीत जोपासलेले हे झाड १९४५ च्या अणुस्फोटातून वाचले आणि १९७६ मध्ये त्या घराण्याने ते अमेरिकेला भेट दिले; आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. जेवताना त्यांनी हे मुलाला सांगितले. एवढ्या काळात किती जणांनी त्याला पाणी घातले असेल, याचा अंदाज दोघे बराच वेळ बांधत होते.

दुकानाच्या एका जुन्या रोजमेळात पाने कोरी उरली होती. तेथे आता रोज नोंद होते : नावे गळलेली पाने, जमा नवी पालवी. माघातील एका सोमवारी नावे शून्य, जमा तीन. त्याच आठवड्यात मुलाने दुकानातली गादी काढून काउंटर बसवला. त्याची नोंद वहीत नाही.