चढाच्या गावातला नेम

रत्नागिरीत सपाट रस्ता फार थोडा. मांडवीचा किनारा समुद्राच्या पातळीला, मारुती मंदिर वर सड्यावर, आणि बाजार या दोहोंमधल्या उतारावर. घरातून कुठेही निघा, जाताना उतार मिळाला तर येताना चढ ठरलेलाच. जांभ्याचा सडा इथे थेट समुद्रापर्यंत येऊन थांबतो, मध्येमध्ये खाड्या आत शिरतात, आणि प्रत्येक खाडीसाठी रस्त्याला खाली उतरून पुन्हा वर चढावं लागतं. वजन उतरवण्यासाठी चाळिशीनंतर सायकल हाती घेणाऱ्या माणसाला या गावात पहिला गुरू भेटतो तो हा चढ.

माझ्या बाबतीत निमित्त झालं कमरेच्या मापाचं. डॉक्टरांनी वजनकाट्यापेक्षा टेपला महत्त्व दिलं. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की पोटातली चरबी धोक्याच्या हद्दीत आली असं धरतात. बॉडी मास इंडेक्सची रेषाही आपल्यासाठी युरोपियनांपेक्षा अलीकडे, २३ वर ओढलेली आहे, कारण आपल्याकडे फारसा जाड न दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो. आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करा, एवढंच त्यांनी सांगितलं. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, गुडघ्यांना तो पेलावा लागत नाही, म्हणून मी सायकल निवडली.

सुरुवातीला ओळखीची माणसं थांबवून विचारत, "काय हो, गाडी बिघडली काय?" त्यांच्या विचारण्यात काळजीच असायची. आपल्या गावांत सायकल उरली ती शाळकरी मुलांकडे आणि सकाळी हॉर्न वाजवत येणाऱ्या पाववाल्याकडे. मासे विकणारे केव्हाच एम-एटीवर बसले. मोठ्या माणसाच्या हातात सायकल दिसली की घरात काही अडचण असणार, असा समज पक्का झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला, आणि दोनच वर्षांनी, २०२० च्या त्याच दिवशी, आपल्या दोन पिढ्या जिच्यावर तोल सावरायला शिकल्या त्या अ‍ॅटलास सायकलचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला. त्याच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळलं होतं, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात त्या कारखान्याची बातमी कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

सायकल घेऊन महिन्याभरात ती जिन्याखाली लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना आळशी म्हणणं मला पटत नाही. बहुतेकांनी नेम परगावाहून आणलेला असतो. मोबाइलवरचं वेळापत्रक कुठल्या तरी सपाट, थंड शहरात बसून आखलेलं: पहिल्या आठवड्यात दहा किलोमीटर, दुसऱ्यात पंधरा. रत्नागिरीत किलोमीटर मोजून काही कळत नाही. भाट्याच्या पुलावरचा एक किलोमीटर आणि झरीविनायकाच्या पुढे वर चढणारा एक किलोमीटर यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. इथे मिनिटं मोजावीत आणि श्वास ऐकावा. शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता येतात, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम व्यायाम. बोलणंच तुटायला लागलं की गियर खाली आणायचा, आणि तरीही भागलं नाही तर उतरून सायकल हातात धरून चालायचं. चढावर उतरण्यात कमीपणा मानू नये. जो उतरतो तो दुसऱ्या दिवशी परत येतो.

माझा पहिला नेम भाट्याचा. मारुती मंदिराकडून खाली, पूल ओलांडून, उजवीकडे समुद्र आणि सुरूचं बन ठेवून झरीविनायकापर्यंत, आणि परत. पुलावर क्षणभर थांबलं की खालून काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. वाटेत नारळ संशोधन केंद्राची झाडं लागतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून परतीच्या चढाला तो हलकासा समोरून येतो आणि घाम वाळवतो. ऊन चढलं की खारा वारा सुरू होतो आणि हवेतला दमटपणा अंगाला चिकटतो. कोकणातला घाम हा स्वतंत्र विषय आहे. तो वाहतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला थंड करत नाही. चालत्या सायकलला निदान वारा लागतो. चढावर वेग मंदावला की तोही जातो, आणि तिथेच डोकं भणभणायला लागतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सात वाजायच्या आत घरी पोचावं, आणि बाटलीत नुसतं पाणी न नेता त्यात कोकमाचं आगळ आणि मीठ घालावं. आपल्या आज्या उन्हातून आलेल्याला हेच देत होत्या.

सायकल कुठली घ्यावी, हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल दिसायला दणकट असते, पण चढावर तुमची काही ताकद तो शॉकअपच खातो. हलकी, साधी, खालचे गियर चांगले असलेली घ्या. त्याहून महत्त्वाची सीटची उंची. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या कितीतरी लोकांची सीट फक्त बोटभर खाली असते. दुकानातून निघण्याआधी ती लावून घ्या.

आता वजनाचं. इथे खरं बोलायला हवं, कारण निराशा इथूनच सुरू होते. पंचाहत्तर किलोचा माणूस मध्यम वेगाने तासभर सायकल चालवतो तेव्हा साधारण ५०० किलोकॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. म्हणजे एका किलोसाठी पंधरा तास, तेही खाण्यात काही भर पडली नाही तर. आणि भर पडतेच. फेरी संपली की भूक कडकडून लागते, सगळे मिळून टपरीवर थांबतात, आणि दोन वडापावांत तासाभराची कमाई जमा होऊन जाते. सायकल वजन उतरवते असं म्हणण्यापेक्षा ताट वजन उतरवतं आणि सायकल ते उतरलेलं टिकवते, असं मी आता म्हणेन. आमच्याकडे भात दोन्ही वेळेला. तो सोडायची गरज नाही, सोडवणारही नाही. पण एक मूद कमी करून तिच्या जागी कुळथाची पिठी, मुगागाठीची उसळ किंवा बांगड्याची एखादी जास्त तुकडी घेता येते. सकाळी फेरीनंतर उकड्या तांदळाची पेज मिठासकट प्यायली की पोट भरतं आणि टपरीची आठवण येत नाही.

काट्यावरचा आकडा हलायच्या कितीतरी आधी दुसरं काहीतरी हलतं. थिबा पॅलेसकडे चढताना जिथे थांबावं लागायचं ती जागा पुढे, वरच्या बाजूला सरकते. विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. झोप गाढ लागते. कमरेचा पट्टा एक भोक आत जातो, वजन तेवढंच असूनही. तंदुरुस्ती आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली आधी येते. जो काट्याकडेच बघत बसतो, त्याला ती आलेली कळत नाही.

मोठ्या पराक्रमांच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने. तिघेही डॉक्टर, दिवसभराचं काम सांभाळून सराव करणारे. मला त्यांच्या अंतरापेक्षा हा सराव जास्त मोलाचा वाटतो. रोजच्या दिवसात सायकलला जागा त्यांनी करून दिली, ती आपोआप मिळाली नव्हती.

आमच्याकडे नेमाची खरी परीक्षा जूनमध्ये. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, लाल पाण्याखाली खड्डा दिसत नाही, रिमचे ब्रेक ओले झाले की उतारावर उशिरा लागतात, खाऱ्या हवेने आधीच गंजू बघणारी चेन आठवड्याभरात तांबूस होते. अशा दिवसांत हट्टाने बाहेर पडण्याला मी शौर्य म्हणत नाही. घरात सूर्यनमस्कार आणि बैठका घालाव्यात. त्यांची गरज तशीही असतेच: सायकलमुळे हृदय आणि मांड्या बळकट होतात, पण हाडांवर भार पडत नाही, आणि चाळिशीनंतर, विशेषतः बायकांच्या, हाडांना तो भार लागतो. रत्नदुर्गाच्या पायऱ्या चढून भगवतीच्या दर्शनाला जाणं हाही उत्तम व्यायाम आहे. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की उघडीप बघून पुन्हा बाहेर पडता येतं. आरे-वारेचा रस्ता त्या दिवसांत पाहावा, एका बाजूला हिरवा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उधाणलेला समुद्र. पण तिथल्या चढासाठी आधीचे काही महिने भाट्यावर घालवलेले असावेत.

एकट्याने नेम टिकवणं अवघड जातं. रत्नागिरी, चिपळूण, दापोली या तिन्ही ठिकाणी सायकलप्रेमींचे क्लब आहेत. सोबत मिळते, पंक्चर काढायला शिकता येतं. सोबतीची सर्वांत जास्त गरज बायकांना आहे. शाळेत असताना रोज सायकल चालवणाऱ्या आणि लग्नानंतर ती सुटलेल्या कितीतरी वहिनी-काकू या गावात आहेत. त्यांना तोल अजून येतो. अडवतो तो रस्ता, आणि रस्त्यावरची माणसं.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. ज्यांना बीपी, शुगर किंवा छातीचा काही त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, आणि बाकीच्यांनी उद्याच, घरातली सायकल बाहेर काढावी, हवा भरावी, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा लावावा आणि अर्धा तास फिरून यावं. आणि जे गाडीने जातात त्यांनी जयस्तंभाहून मारुती मंदिराकडे येताना कुणी हळूहळू सायकल चढवत असेल तर मागून हॉर्न वाजवू नये. चढावर सायकल थोडी डावी-उजवीकडे जातेच. तिला हातभर जास्त जागा सोडा.