दोन रंगपेट्या

निसर्गचित्रे काढण्याचा छंद मला पुष्कळ वर्षांपासून आहे. माझ्या खोलीच्या कोनाड्यात रंगांच्या दोन पेट्या असतात. एक तैलरंगांची आणि दुसरी ॲक्रिलिक रंगांची. दोन्हींतील नळ्या दिसायला सारख्याच. पाटीवर रंग पिळून दाखवला तरी नवख्या माणसाला भेद कळू नये. नाकाला मात्र तो तत्काळ कळतो, कारण तैलरंगांच्या पेटीला जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास कायमचा चिकटलेला असतो. या दोहोंपैकी निसर्गचित्रासाठी चांगले रंग कोणते, असे मला अनेकांनी विचारले आहे. पूर्वी मी क्षणाचाही विचार न करता "तैलरंग" असे उत्तर देऊन मोकळा होत असे. २०१९ सालच्या मे महिन्यात एका वडाने माझी ही घाई मोडली.

तो वड वाईजवळच्या एका रस्त्याच्या कडेला होता. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजून त्यांचेच खांब झाले होते, आणि त्या खांबांच्या मधून दूरवर पांडवगडाची निळसर आकृती दिसे. रस्ता रुंद व्हायचा होता. त्यासाठी जी झाडे तोडायची होती, त्यांच्या बुंध्यांवर पांढरा पट्टा ओढून त्यावर तांबड्या रंगात आकडे घातले होते. या वडाचा आकडा सत्तेचाळीस. "आठ दिवसांत करवत लागणार," असे मला रस्त्यावरच्या मजुरांनी सांगितले. या झाडाखालून मी कित्येकदा गेलो होतो आणि प्रत्येक वेळी 'पुढच्या खेपेस याचे चित्र काढू' असे म्हणालो होतो. आता पुढची खेप उरली नव्हती.

पहिल्या दिवशी मी तैलरंगांची पेटी घेऊन गेलो. वडाखाली एक आजीबाई करवंदे विकत बसल्या होत्या. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर मी ईझल उभे केले.

तैलरंग म्हणजे रंगाची वस्त्रगाळ पूड तेलात घोटून केलेला लेप. हे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. त्याला काही दिवस लागतात, थर जाड असेल तर काही आठवडेही लागतात. या संथपणाचा लाभ मला त्या सकाळी मिळाला. उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत पांडवगड कोठे संपतो आणि आकाश कोठे सुरू होते, ते नीट सांगता येत नाही. मी दोन्ही रंग ओले असतानाच कोरडा कुंचला त्यांच्या सीमेवरून अलगद फिरवला. गड हवेत विरघळल्यासारखा दिसू लागला. मी स्वतःवर फार खूश झालो.

ती खुशी पारंब्यांपर्यंत टिकली. बुंध्याच्या गडद तपकिरी रंगावर मला पारंब्यांच्या फिक्या, उजळ रेषा ओढायच्या होत्या. पण खालचा रंग ओला! रेषा ओढताच पांढरा आणि तपकिरी एकमेकांत मिसळत आणि पारंबीच्या जागी चिखल उरे. खालचा थर वाळण्याची वाट पाहावी, हाच त्यावर उपाय. आणि वाट पाहण्यास मला सवड नव्हती. सायंकाळी ते ओले चित्र सांभाळत मी एस. टी. त चढलो. गर्दीत ते एका गृहस्थांच्या परीटघडीच्या सदऱ्याला लागले आणि पांडवगडाची सबंध निळी कड त्यांच्या बाहीवर उमटली. त्यांनी मला जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी पेटी आणि नवा कॅनव्हास घेऊन गेलो. ॲक्रिलिक रंग हे तसे अलीकडचे. तैलरंगांना युरोपात पाचशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे, तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० नंतर चित्रकारांच्या हाती आले. यात पूड बहुधा तीच असते, मात्र ती एका कृत्रिम राळेच्या दुधट पाण्यात कालवलेली असते. पाणी उडाले की राळेचे कण एकमेकांस चिकटतात आणि रंगाचा लवचिक पापुद्रा तयार होतो. मग त्यावर पाणी ओतले तरी तो विरघळत नाही.

या पेटीने पारंब्यांचे काम इतके सोपे केले, की कालचा चिखल आठवून मला हसू आले. बुंधा रंगवला, आजींकडून द्रोणभर करवंदे घेऊन खाल्ली, तोवर बुंधा खडखडीत वाळला होता! त्यावर उजळ पारंब्या ओढल्या. मागची पारंबी, तिच्यावर सावली, त्यावर पुढची पारंबी, असे थरावर थर स्वच्छ बसत गेले. पण गडाकडे वळलो आणि फजिती झाली. मे महिन्याचे ऊन आणि वारा. आकाशाचा रंग लावून गडाचा रंग कालवेपर्यंत आकाश वाळून जाई. कडा मिसळेनात. गड कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसू लागला. पाटीवरच्या रंगावर साय धरली. शिवाय हे रंग ओले असताना राळेच्या दुधटपणामुळे किंचित फिके दिसतात आणि वाळल्यावर गडद होतात. त्यामुळे पहिल्या निळ्याशी दुसरा निळा जुळेना. या गडबडीत एक कुंचला धुवायचा राहिला. त्याचे केस लाकडासारखे कडक झाले आणि तो कायमचा निकामी झाला.

त्या रात्री दोन्ही चित्रे भिंतीला टेकवून मी पाहत बसलो. एकात गड चांगला होता आणि वड बिघडला होता. दुसऱ्यात वड चांगला होता आणि गड बिघडला होता. डेव्हिड हॉक्नी या इंग्रज चित्रकाराची मला आठवण झाली. कॅलिफोर्नियातील लख्ख उन्हात, पोहण्याच्या तलावात कोणीतरी उडी घेतल्यावर उसळलेले पाणी त्याने १९६७ साली ॲक्रिलिक रंगांत चितारले. पुढे २००७ साली आपल्या यॉर्कशायर प्रांतातील झाडांचे एक प्रचंड चित्र त्याने पन्नास कॅनव्हास जोडून तयार केले, ते मात्र तैलरंगांत. एवढा मोठा चित्रकार जर आपल्यापुढील दृश्य पाहून पेटी बदलतो, तर मी एकाच पेटीचा हट्ट का धरावा?

हट्ट सोडला तरी नियम पाळावा लागतो. तेलाच्या थरावर ॲक्रिलिक नीट धरत नाही; पुढे त्याचे पोपडे निघतात. ॲक्रिलिकवर तैलरंग मात्र चालतो. म्हणून चौथ्या दिवशी तिसऱ्या कॅनव्हासवर मी आधी ॲक्रिलिकने बुंधा, पारंब्या, जमीन आणि आकाशाचा पातळ हात उरकून घेतला. ते अर्थातच तासाभरात वाळले. नंतरचे तीन दिवस तैलरंगांनी गडावरचे धुरकट वातावरण, पानांच्या कडा आणि सावल्यांतील निळसरपणा यांवर सावकाश काम केले.

रस्त्यावरून वाहन गेले की धूळ उडे आणि ओल्या रंगावर बसे. तिचा मी फारसा विचार केला नाही. तैलरंग दाबाच्या नळीत भरण्याची युक्ती जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली काढली. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवीत, आणि ते बाहेर नेणे मोठे कटकटीचे असे. नळ्या आल्या, चित्रकार मोकळ्या रानात जाऊ लागले आणि रानही त्यांच्या चित्रांत शिरू लागले. क्लोद मोने याने १८७० साली समुद्रकिनाऱ्यावर बसून काढलेल्या एका चित्राच्या रंगात वाळूचे कण सापडले आहेत. व्हॅन गॉग याच्या १८८९ सालच्या ऑलिव्ह वृक्षांच्या चित्रात तर एक चिमुकला नाकतोडा रुतलेला आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात तो २०१७ साली भिंगातून पाहताना आढळला. माझ्या चित्रात वाई तालुक्याची धूळ आणि एक मुंगी आहे.

सातव्या दिवशी सायंकाळी मी कुंचले पुसू लागलो, तेव्हा आजी उठून चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

"समदं काढलंसा मास्तर, पन आकडा कुठं हाय?"

बुंध्यावरचा सत्तेचाळीस मी मुद्दामच गाळला होता. "तो काढला तर झाड वाईट दिसेल, आजी," मी म्हणालो.

"झाडाला वाईट दिसंल व्हय? त्याच्या अंगावर हाय की त्यो!"

मी काही बोललो नाही. पुसलेला कुंचला पुन्हा हाती घेतला आणि तांबड्या रंगाची नळी उघडली. तैलरंगांतही सगळे रंग सारख्याच वेगाने वाळत नाहीत. अंबर नावाचा मातकट तपकिरी रंग लवकर वाळतो. कॅडमियमचा तांबडा सर्वांत रेंगाळणाऱ्यांपैकी एक. तोच मी वापरला.

नवव्या दिवशी मी चित्र घेऊन गेलो तेव्हा तेथे नुसते आकाश होते. फांद्या ट्रॅक्टरवर चढत होत्या. पांडवगड आता आडपडद्याविना दिसत होता, आणि मला तो लहान वाटला. आजी डोक्यावर पदर ओढून, छत्री लावून रस्त्याच्या पलीकडे बसल्या होत्या. मी चित्र त्यांच्यासमोर धरले. त्यांनी बुंध्यावरच्या सातावर बोट टेकवले. बोटाचे टोक लाल झाले.

"अजून वलाच हाय की," त्या म्हणाल्या, आणि बोट मातीला पुसून करवंदांचा द्रोण माझ्या हाती दिला.

ते चित्र आता माझ्या खोलीत आहे. सातावर त्यांच्या बोटाचा ठसा आहे. तो मी दुरुस्त केलेला नाही.